भिंतीवरचे वचन : नागपुरातील एका अभ्यासिकेचे प्रकरण

समाजभवनाच्या दारातून आत गेले की समोरच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेले एक वाक्य दिसायचे : ‘इथे बोललेले इथेच राहील.’ जून २०२२ मध्ये अभ्यासिका सुरू करताना आमच्याच गटाने ते रंगाऱ्याकडून लिहून घेतले होते आणि पुढच्या मे महिन्यात आम्हालाच ते पुसावे लागले. वंचित घरांतील मुलामुलींसाठी सुरक्षित जागा उभी करू पाहणाऱ्या इतर गटांना उपयोग व्हावा, म्हणून त्या अकरा महिन्यांत आणि त्यानंतर काय घडले याची ही नोंद केली आहे. मुलीची व तिच्या कुटुंबाची ओळख उघड होऊ नये यासाठी वस्तीचे नाव दिलेले नाही आणि काही तपशील बदलले आहेत. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार तसे करणे बंधनकारकही आहे.

वस्ती आणि जागा

२०११ च्या जनगणनेच्या वेळी नागपूर शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती आणि त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. आमची वस्ती त्यांतलीच एक, पूर्व नागपुरातली, कळमना बाजारापासून फार दूर नसलेली. येथील बरेच पुरुष बाजारात हमाली करतात, बायका वर्धमाननगरच्या फ्लॅटमध्ये धुणीभांडी करायला जातात, आणि लग्नसराई सुरू झाली की सोळा-सतरा वर्षांची मुले केटररच्या गाडीत बसून शहराबाहेरच्या लॉनवर वाढपी म्हणून जातात व पहाटे परततात. टाळेबंदीच्या दोन वर्षांत शाळेपासून तुटलेली मुले येथे घरोघरी होती. एका मोबाइलवर तीन भावंडांचा अभ्यास व्हावा अशी अपेक्षा असलेल्या घरात तो मोबाइल कोणाच्या हाती राहिला असेल, हे वेगळे सांगायला नको.

मुलग्यांना जागा नव्हती असे म्हणता येणार नाही. त्यांच्यासाठी मैदान होते, पानठेला होता, चौकातला कट्टा होता. झोपडपट्टीतल्या मुलांच्या हाती चेंडू दिला तर काय होऊ शकते, हे हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टी फुटबॉलच्या रूपाने याच शहरात दाखवून दिलेले आहे, आणि आमच्या वस्तीतली पोट्टीही त्या वातावरणातच वाढलेली होती. मुलींना मात्र पाण्याच्या नळाखेरीज एकत्र उभे राहण्याचे ठिकाण नव्हते, आणि नळावरही हंडा भरेपर्यंतचीच सवलत असे. म्हणून अभ्यासिका सर्वांसाठी असली तरी तिची खरी गरज १४ ते १९ वयाच्या मुलींना आहे, हे आम्ही पहिल्याच बैठकीत मान्य केले होते. ते मान्य केल्यावर जे करायला हवे होते त्यातले बरेचसे मात्र केले नाही.

समाजभवन म्हणजे एक मोठी खोली, मागे पत्र्याचे छप्पर घातलेला ओटा आणि एक स्वच्छतागृह. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले, त्यामुळे वस्तीला नगरसेवक उरला नव्हता. किल्ली मात्र पूर्वीपासून ज्यांच्याकडे असे त्या भाऊंकडेच राहिली. माणूस वाईट नव्हता. पण संध्याकाळी पाच वाजता दार उघडायचे की सहा वाजता, आज भजनी मंडळ बसणार की अभ्यासिका भरणार, हे त्यांच्या सोयीने ठरत असे. स्वच्छतागृहाचे कुलूप उघडण्यासाठीही त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या मुलासमोर उभे राहून किल्ली मागावी लागत असे. कोणतीही मुलगी ती मागायला जात नसे. आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात ही गोष्ट सहा महिने आली नाही, कारण आमच्यातल्या पुरुष कार्यकर्त्यांना ती किल्ली मागण्यात काही अडचण नव्हती आणि कार्यकर्त्या महिला घरून निघतानाच सोय करून निघत.

कूलरजवळची बैठक

मार्च २०२३ मध्ये ऊन वाढू लागताच देणगीतून एक मोठा लोखंडी कूलर घेतला. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली बसणाऱ्यांसाठी ती चैन नसते. त्याच्या तिन्ही बाजूंच्या जाळ्यांत वुडवूल भरलेले होते, पंख्याचा आवाज इतका मोठा होता की शेजारी बसलेल्यालाही ओरडून बोलावे लागे, आणि तरीही मुली नेमक्या त्याच्या तोंडाशी गोल करून बसत. गार हवेसाठी बसतात, अशी आमची समजूत होती. त्यांच्यातलीच एक पुढे म्हणाली की तिथे बोललेले पलीकडे कॅरम खेळणाऱ्यांना ऐकू जात नाही म्हणून आम्ही तिथे बसायचो. ‘इथे बोललेले इथेच राहील’ या वाक्याची पुरेशी खात्री मुलींना वाटत नव्हती. स्वतःपुरती खात्री त्यांनी कूलरच्या आवाजातून मिळवली होती. सुरक्षित जागा कशी असावी याचा अभ्यास करायचा असेल, तर आधी मुली कुठे बसतात हे पाहावे, असे मी आता प्रशिक्षणात सांगतो.

याच कोपऱ्यात, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सोळा वर्षांच्या एका मुलीने आमच्या बावीस वर्षांच्या कार्यकर्तीला सांगितले की तिचे लग्न ठरले आहे. अकरावीची परीक्षा नुकतीच झाली होती. २२ एप्रिलच्या अक्षय तृतीयेला शेजारच्या जिल्ह्यातील एका गावी, घरच्या घरी, मोजक्या माणसांत ते व्हायचे होते. मंडपवाल्याला बयाणा गेला होता. सांगून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘ताई, कोनाले सांगू नको. तुमीच लिहिलं आहे ना तिथं भिंतीवर.’’

ती कार्यकर्ती चार दिवस गप्प राहिली. ती त्याच वस्तीतली, दोन गल्ल्या सोडून राहणारी. बारावीनंतर शिक्षण सुटलेली, अभ्यासिकेच्या मानधनावर घराला हातभार लावणारी. तिला दोष देणे फार सोपे आहे आणि आमच्यातल्या एकाने तो दिलाही. पण वचन तिचे नव्हते, आमचे होते. तिने ते पाळण्याचा प्रयत्न केला एवढेच.

कायदा काय सांगतो

येथे थोडे थांबून कायदा पाहणे आवश्यक आहे, कारण भिंतीवर ते वाक्य लिहिताना आम्ही तो पाहिला नव्हता. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार मुलीचे वय १८ आणि मुलाचे वय २१ पूर्ण होण्याआधीचे लग्न हा बालविवाह ठरतो. असा विवाह होणार असल्याची माहिती मिळाल्यास प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी कलम १३ खाली मनाईहुकूम देऊ शकतात आणि तो हुकूम मोडून लावलेले लग्न मुळातच रद्दबातल असते. बाल न्याय अधिनियमाच्या व्याख्येनुसार लवकरच लग्न होण्याचा धोका असलेली मुलगी काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक ठरते, म्हणजेच तिचा प्रश्न बालकल्याण समितीपुढे जातो. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी दिलेल्या निकालानंतर अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध ठेवणे हाही बलात्काराचा गुन्हा मानला जातो. त्यामुळे हे लग्न झाले असते, तर प्रकरण त्याच दिवशी ‘पॉक्सो’च्या, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या दारात जाऊन उभे राहिले असते. आणि पॉक्सोचे कलम १९ असे सांगते की अशा गुन्ह्याची किंवा तो घडण्याच्या शक्यतेची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. न कळवणे हा कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे.

याचा अर्थ असा की लहान मुलांसोबत काम करणाऱ्या कोणालाही ‘इथे बोललेले इथेच राहील’ असे बिनशर्त वचन देताच येत नाही. आमचे वाक्य रंग ओला असतानाच खोटे होते.

प्रसंग अपवादात्मक होता अशीही समजूत नसावी. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते.

निर्णय आणि त्याची किंमत

पाचव्या दिवशी कार्यकर्तीने संयोजकांना सांगितले आणि त्या रात्री झालेल्या बैठकीत दोन मते पडली. काहींचे म्हणणे होते की आधी आईवडिलांना भेटावे, समजावावे, यंत्रणेला मध्ये आणू नये. वस्तीत आपल्याला राहायचे आहे. इतरांचे म्हणणे होते की मुहूर्ताला पाच-सहा दिवस उरले आहेत, आपण भेटलो की ते मुलीला त्याच रात्री गावी पाठवतील. दुसरे मत बरोबर होते असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. दुसऱ्या दिवशी कार्यकर्तीने मुलीला बाजूला घेऊन सांगितले की हे आम्हाला कळवावे लागेल. मुलगी रडली नाही. तिने एकच विचारले, ‘‘बाबाले जेलात टाकतीन का?’’ लग्न नको, हे ती त्याआधी कधी म्हणाली नव्हती. तेव्हाही म्हणाली नाही. ‘बारावीचे पेपर देऊ देतील का तिकडे’, असे मात्र तिने दोनदा विचारले, आणि तिच्या इच्छेबद्दल आमच्याकडे एवढाच पुरावा होता.

१०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर फोन केला. पुढच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पथक आले. त्यांनी आपले काम चोख केले, बोलणेही समजुतीचे होते; परंतु पोलिसांची जीप गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि उतरलेल्या दोघांच्या अंगावर गणवेश होता. पाऊण तास ती जीप तिथे होती. कुटुंबाला बालकल्याण समितीपुढे हजर व्हावे लागले, मुलीचे वय अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असे हमीपत्र वडिलांनी लिहून दिले, मुलगी आईवडिलांकडेच राहिली, आणि अक्षय तृतीया लग्नाविना गेली. अहवालात लिहायचे असते तर प्रकरण येथे संपले असते : एक बालविवाह रोखला.

पुढच्या आठवड्यात अभ्यासिकेत मुलगे होते आणि कूलर होता. मुली दोन आल्या, त्याही दोघी बहिणी, त्यांची आई आमच्याकडे झाडलोट करायची म्हणून. चार-पाच घरी गेल्यावर कारण कळले. ‘‘तिथं पोरगी पाठवली का पोलीस घरी येते’’ असे नळावर ठरले होते. मुलीचा मोबाइल काढून घेण्यात आला होता, तिचे घराबाहेर पडणे बंद झाले होते. बयाण्याचे पैसे बुडाले; वरपक्षाने गावभर बोल लावला. फोन कोणी केला हे कोणी सांगितले नव्हते, पण सांगायची गरजही नव्हती, कारण मुलगी अभ्यासिकेत शेवटची दिसल्यानंतर दोनच दिवसांनी जीप आली होती. माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याची काळजी आम्ही घेतली, तारखांवरून ते नाव कोणालाही ताडता येईल याचा विचार केला नाही. पथकाला गणवेशाविना, गल्लीबाहेर गाडी थांबवून यायची विनंती आम्ही करू शकलो असतो. बालकाचा जबाब नोंदवताना पोलिसांनी गणवेशात नसावे असे पॉक्सोचे कलम २४ सांगते, त्यामुळे अशी विनंती यंत्रणेला परकी नाही. आम्ही फोन ठेवला आणि पुढचे काम त्यांचे, असे समजून मोकळे झालो.

याहून मोठी चूक आधीची होती. दहा महिन्यांत आम्ही एकाही मुलीच्या आईला समाजभवनात बोलावले नव्हते. आईवडिलांपासून दूर राहणे म्हणजेच मुलींना मोकळीक देणे, असा आमचा सुशिक्षित समज होता. त्यामुळे जीप आली त्या दिवशी आमच्या बाजूने नळावर बोलणारे एकही माणूस नव्हते.

पुन्हा उभारणी

नवतपाचे, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस होते आणि अभ्यासिका तशीही भरत नव्हती, म्हणून २५ मेपासून ती बंद ठेवली आणि भिंतीवरचे वाक्य पुसून घेतले. मुलींना परत बोलावण्याची घाई केली नाही. दोघी कार्यकर्त्या सकाळी नळावर आणि दुपारी ओट्यांवर बसू लागल्या. पहिल्या दिवसांत त्यांना ऐकून घ्यावे लागले, आणि काही ऐकणे रास्तच होते. एक काकू म्हणाल्या की पोरींना तुम्ही जिथे बसवता तिथून घरी यायला दोन वळणे आहेत, खांबावरचा दिवा होळीपासून बंद आहे आणि पानठेल्यासमोर पोट्टे गाड्या आडव्या लावून बसतात. खोलीत काय होते ते जाऊ द्या, त्या वळणावर काय होते ते सांगा. खोलीच्या आतल्या सुरक्षिततेवर आम्ही तीन प्रशिक्षणे घेतली होती. त्या वळणावर आमच्यापैकी कोणीही रात्री आठनंतर एकदाही उभे राहिले नव्हते.

काकूंनीच मार्ग सुचवला : पावसाळाभर त्यांच्या ओट्यावर, दुपारी चार ते सहा, पुरुषमाणसे कामावरून यायच्या आत मुलींनी बसावे. जून ते ऑगस्ट अभ्यासिकेचा मुलींचा भाग तसाच भरला. समोर शिवणयंत्र चालू असे, मधूनच कोणीतरी कोथिंबीर निवडायला देई, आणि गुप्तता म्हणावी अशी काही उरली नव्हती. तरी मुली येत होत्या. समाजभवनात परत जायचे तर काय बदलायला हवे, हे त्यांनी याच ओट्यावर ठरवले. त्यांची पहिली मागणी स्वच्छतागृहाच्या किल्लीची होती. दुसरी दाराच्या किल्लीची. भाऊंशी बोलणी करायला आम्ही निघालो, तेव्हा मुलींनी काकूंना पुढे पाठवले आणि अर्ध्या तासात दोन्ही किल्ल्यांच्या जोडप्रती करून मिळाल्या. एक जोड आता दोन मोठ्या मुलींकडे असते आणि तो कोणाकडे असावा हे दर तीन महिन्यांनी मुलीच ठरवतात. अभ्यासिकेची छायाचित्रे देणगीदारांच्या गटात टाकणेही त्यांनी बंद करायला लावले. देणगीदार थोडे नाराज झाले.

मुलग्यांशी बोलणे लांबले. पानठेल्यासमोर बसणारे परके कोणी नव्हते, त्यांतले काही याच मुलींचे भाऊ होते आणि ‘आम्ही तर लक्ष ठेवायला बसतो’ असे त्यांचे प्रामाणिक मत होते. भाषणांनी त्यांचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. थोडा बदल दिसला तो १५ सप्टेंबरला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते, आणि गल्लोगल्लीची मुले ज्या गोष्टीचा राग असेल तिचा बडग्या, म्हणजे पुतळा करून मिरवतात व जाळतात. यंदाचा बडग्या कशाचा, यावर मुलग्यांत वाद चालू असताना कोणीतरी खांबाचे नाव काढले. बांबू, जुने कपडे आणि फुटका बल्ब यांचा बडग्या झाला. त्याचे कपडे मुलींनी ओट्यावर शिवून दिले, मिरवायला मुलगे गेले, आणि ‘इडा पिडा, खांबावरचा अंधार घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी वळणावर तीनदा झाली. नवरात्रीआधी दिवा लागला. तो बडग्यामुळे लागला की झोन कार्यालयात दिलेल्या चौथ्या अर्जामुळे, हे सांगता येत नाही. दिव्याखाली गाड्या आडव्या लावणे मात्र कमी झाले, कारण आता ते कोणाच्याही खिडकीतून दिसत होते.

नवे वाक्य

समाजभवनात परतल्यावर भिंतीवर काय लिहावे याचा मसुदा मुलामुलींनीच केला आणि त्याला तीन बैठका लागल्या. कायद्याची माहिती आम्ही दिली, शब्द त्यांचे होते. दुसऱ्या बैठकीअखेर मजकूर असा ठरला होता : ‘इथे बोललेले आम्ही बाहेर सांगणार नाही. कोणाच्या जिवाला किंवा अंगाला धोका असेल तर मोठ्यांची मदत घ्यावी लागेल. त्याआधी तुला विचारू.’ आम्हाला तो आवडला होता. तिसऱ्या बैठकीत सतरा वर्षांच्या एका मुलीने शेवटच्या शब्दावर बोट ठेवले. तुम्ही विचाराल, मी नको म्हणेन, मग तुम्ही थांबाल का, असा तिचा प्रश्न होता. कलम १९ समोर असताना याचे उत्तर ‘नाही’ असेच होते. ती म्हणाली, मग ‘विचारू’ कशाला लिहिता, ‘सांगू’ लिहा. तसे लिहिले गेले. कोणाला फोन करणार, कोण येणार, कधी येणार आणि घरी काय विचारतील, हे त्या मुलीला आधी बसवून सांगायचे आणि ती म्हणेल ती वेळ शक्य असेल तर घ्यायची, अशी पद्धत त्या एका शब्दातून ठरली. त्यानंतर दोन वेळा तशी गरज पडली. दोन्ही वेळा गाडी मुख्य रस्त्यावर थांबली.

ज्या मुलीपासून हे सुरू झाले ती अभ्यासिकेत परत आली नाही. जुलैमध्ये तिला मावशीकडे पाठवले गेले. तेथूनच तिने फेब्रुवारी २०२४ मध्ये बारावीचे पेपर दिले, असे तिच्या मैत्रिणीकडून कळले. तिच्याशी थेट संपर्क साधू नये, असे तिच्या आईने सांगितले आहे आणि आम्ही ते पाळतो.

एका गोष्टीचा विचार मात्र आम्ही फार उशिरा केला. चार दिवस गप्प राहून पाचव्या दिवशी बोललेली कार्यकर्ती आजही त्याच वस्तीत राहते. मुलीचे वडील तिच्या घरच्यांशी बोलत नाहीत, आणि एकदा रस्त्यात त्यांनी तिला जे सुनावले ते तिने बैठकीत सांगितले नाही, तिच्या भावाने सांगितले. संध्याकाळी अभ्यासिका बंद करून ती आता त्यांच्या गल्लीतून जात नाही. मुख्य रस्त्याने वळसा घालून जाते. तिला ऑटोचे पैसे द्यावेत असा ठराव आम्ही या वर्षी केला. ती पैसे घेते आणि बहुतेक वेळा चालतच जाते.